घरी घ्यावयाच्या कर्करोगाच्या गोळ्या : काही आवश्यक दक्षता

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारपेठेची स्थिती, कर, वाहतूक, हिशेब अशा विषयांवरील लेख वाचण्याची आपणा सर्वांना सवय आहे. त्यांच्या पंक्तीत औषधाच्या गोळ्यांवरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या घरांत एक नवीच जबाबदारी येऊन पडली आहे. पूर्वी कर्करोगाची औषधे म्हणजे मुंबईची किंवा बंगळूरची वारी, रुग्णालयातील खाट आणि शिरेतून थेंब थेंब जाणारे औषध, असे समीकरण होते. आज त्यांतील कित्येक औषधे गोळीच्या रूपाने मिळतात. रुग्ण बेळगावास आपल्या घरी राहतो, दुकानावर घटकाभर बसतो, नातवंडांत रमतो. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. मात्र रुग्णालयात जे काम प्रशिक्षित परिचारिका आणि औषधनिर्माते करीत, ते काम आता घरातील सून, मुलगा किंवा वृद्ध पत्नी यांच्या हाती आले आहे. ते कसे करावे हे त्यांना कोणी नीट सांगितलेले असतेच असे नाही. यास्तव हा लेखनप्रपंच.

आम्ही वैद्य नव्हे, व्यापारी आहोत. येथे जे लिहिले आहे ते डॉक्टरांच्या सांगण्यावर भर घालण्यासाठी नसून, डॉक्टरांना काय विचारावे आणि त्यांनी सांगितलेले कसे पाळावे हे ध्यानात यावे एवढ्यासाठीच आहे. डॉक्टरांचे सांगणे आणि या लेखातील मजकूर यांत फरक दिसल्यास डॉक्टरांचेच सांगणे प्रमाण मानावे.

उरलेल्या आठ गोळ्या

लेखाला निमित्त झालेली घटना प्रथम सांगतो. आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध सभासदांची मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाचशे मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी, असे चौदा दिवस. नंतर सात दिवस विश्रांती. आणि पुन्हा तोच क्रम. हिशेब सोपा होता : दिवसाला आठ, चौदा दिवसांच्या एकशे बारा. दहा गोळ्यांची एक पट्टी, म्हणून बारा पट्ट्या आणल्या. चौदा दिवस संपले आणि शेवटच्या पट्टीत आठ गोळ्या उरल्या. बरोबर एका दिवसाच्या! जन्मभर दुकानात काडीचीही नासाडी होऊ न देणाऱ्या माणसाने विचार केला, एवढे महाग औषध वाया का घालवावे? पंधराव्या दिवशी त्यांनी त्याही घेतल्या.

खरे दुखणे मात्र त्या आठ गोळ्यांच्या आधीच सुरू झाले होते. अकराव्या दिवसापासून त्यांना दिवसातून सहा-सात वेळा शौचास होत होते. घरच्यांना काळजी नको आणि डॉक्टरांना उगाच त्रास नको म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही. गोळ्या मात्र नियमाने घेत राहिले. अंगातील पाणी आटून सतराव्या दिवशी त्यांना चक्कर आली आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथील डॉक्टरांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, “जुलाब सुरू झाले त्याच दिवशी फोन का केला नाही?” घरच्यांपाशी उत्तर नव्हते. सुदैवाने ते बरे झाले आणि पुढील आवर्तने कमी मात्रेत निर्वेध पार पडली. काटकसर आणि सोशिकता हे आपल्या समाजाचे दोन गुण होत. परंतु या औषधाच्या बाबतीत तेच दोन्ही गुण अपायकारक ठरले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

या गोळ्या कोठून आल्या

गोळी दिसावयास साधी असते. डोकेदुखीच्या गोळीशेजारी कपाटात ठेवली तर वेगळी ओळखूही येत नाही. म्हणून ती काय आहे हे थोडे जाणून घेणे इष्ट होय. सन १९४८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडने फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि त्यांतील काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना, मागे हटला. हे औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते आपल्याच देशाचे सुपुत्र, आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. पुढे १९५३ मध्ये मर्कॅप्टोप्युरिन ही गोळी आली. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कॅपेसिटाबिन १९९८ पासून, तर एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे रूपच पालटून टाकणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून वापरात आली.

कर्करोगाच्या पेशी बेबंदपणे वाढत आणि विभागत असतात. जुन्या पद्धतीची केमोथेरपी विभागणाऱ्या पेशींवर आघात करते. परंतु शरीरात काही निरोगी पेशीही सतत विभागत असतात : तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराच्या, केसांच्या मुळांच्या, आणि हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेच्या. त्यांनाही या औषधाचा फटका बसतो. तोंड येणे, जुलाब होणे, पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्ग होणे या साऱ्यांचे मूळ येथे आहे. चौदा दिवसांनंतरची सात दिवसांची विश्रांती ही या निरोगी पेशींना सावरण्यासाठी दिलेली असते. ती औषधाला दिलेली सुट्टी नसून उपचाराचाच भाग आहे. म्हणून उरलेली गोळी ही शिल्लक माल नव्हे. ती विश्रांतीच्या दिवशी घेणे म्हणजे सावरू पाहणाऱ्या शरीरावर पुन्हा घाव घालणे होय.

इमॅटिनिबसारख्या नव्या गोळ्या रोगाच्या पेशीतील विशिष्ट दोषावर नेम धरतात आणि बहुधा विश्रांतीविना रोज घ्यावयाच्या असतात. तेथे धोका उलट दिशेचा असतो. बरे वाटू लागले म्हणून रुग्ण मधूनमधून गोळी चुकवितो आणि दबलेला रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे एका औषधात विश्रांती मोडणे घातक, तर दुसऱ्यात विश्रांती घेणे घातक. शेजारच्या रुग्णाने काय केले ते पाहून आपण तसेच करणे यासाठीच धोक्याचे असते.

चिठ्ठी नीट समजून घ्यावी

रुग्णालयातून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी डॉक्टरांकडून किंवा औषधनिर्मात्याकडून कागदावर लिहून घ्याव्यात : औषधाचे मूळ नाव, एका वेळेस किती मिलिग्रॅम आणि त्यासाठी कोणत्या ताकदीच्या किती गोळ्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, जेवणाआधी, जेवणानंतर की रिकाम्या पोटी, आणि रात्री-अपरात्री अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा.

मूळ नावाचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. एका दुकानात एक नाव मिळाले, दुसऱ्यात दुसरे, आणि घरी दोन्ही वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली गेली, असे घडू शकते. तसेच कॅपेसिटाबिन पाचशेची मिळते आणि दीडशेचीही मिळते. “चार गोळ्या” एवढेच लक्षात ठेवणारा तेथे चुकतो.

सर्वांत मोठी सावधगिरी मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हवी. ही गोळी संधिवात आणि सोरायसिस या विकारांतही देतात, आणि तेथे ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. आपल्या हाताला रोज गोळी घेण्याची सवय असते. आठवड्याची गोळी रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन जगभर माणसे दगावली आहेत. ही गोळी घरात असेल तर आठवड्याचा वार ठरवून तो डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आपण व्यापारी मंडळी रोजमेळ लिहिल्याखेरीज दुकान बंद करीत नाही. तोच परिपाठ येथे ठेवावा. एक लहान वही करावी. तारीख, वेळ, किती गोळ्या घेतल्या, त्या दिवशी ताप किती, शौचास किती वेळा झाले, तोंडात फोड आले काय, एवढे लिहावे. गोळ्यांची शिल्लकही रोज मोजावी. वही आणि शिल्लक जुळली नाही तर चूक त्याच दिवशी सापडते.

भोजनाच्या वेळा आणि आपले नियम

गोळी आणि अन्न यांचा संबंध औषधागणिक निराळा आहे. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यावयाची असते आणि दोन मात्रांत सुमारे बारा तासांचे अंतर अपेक्षित असते. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासह घेतात, कारण तिचा पोटाला त्रास होतो. याउलट प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील अ‍ॅबिरॅटेरोन सामान्यतः रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. जेवणानंतर किमान दोन तास आणि पुढे किमान एक तास काही न खाता. जेवणाबरोबर घेतल्यास तिचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढते. म्हणून “गोळी आहे, घेतली की झाले” हा विचार येथे चालत नाही.

आपल्या घरांत याला एक विशेष बाजू आहे. अनेक कुटुंबांत सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत; काही जण चौविहार करतात, म्हणजे पाणीही घेत नाहीत. सकाळी नवकारसी असेल तर सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, तोंडात काही जात नाही. हिवाळ्यात बेळगावास सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सकाळची गोळी सव्वाआठला आणि संध्याकाळची पावणेसहाला घेतली तर दिवसातील अंतर साडेनऊ तासांचे आणि रात्रीचे साडेचौदा तासांचे पडते. हे चालेल काय, याचे उत्तर घरी ठरवावयाचे नाही. डॉक्टरांना आपला नियम काय आहे आणि घड्याळाच्या कोणत्या वेळा शक्य आहेत हे स्पष्ट सांगावे. पुष्कळदा डॉक्टर वेळा बसवून देतात किंवा दुसरा मार्ग सुचवितात. त्यांना चौविहार म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये. “सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नाही” असे सरळ सांगावे.

उपवासाविषयी तर अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. जेवणानंतर घ्यावयाची गोळी उपवासाच्या दिवशी तशीच घेणे किंवा उपवास आहे म्हणून ती गुपचूप वगळणे, हे दोन्ही अयोग्य होय. जुलाब होत असता पाणी वर्ज्य करणे तर मूत्रपिंडांवर थेट संकट ओढवून घेणे आहे. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व जवळ आले की आधीच डॉक्टरांशी आणि आपल्या महाराजसाहेबांशी अथवा मुनिश्रींशी बोलावे. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानांत आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सोय त्यांत अंतर्भूत आहे, हे जाणकारांस ठाऊक आहे. दिगंबर परंपरेतही तप शक्तीनुसार करावयाचे असते. स्वाध्याय, सामायिक, जप, दान ही सारी साधने रुग्णाला मोकळी आहेत. उपवास झाला नाही म्हणून मन खंतावलेल्या आजीला ही गोष्ट घरातील तरुणांनी नव्हे, तर ज्यांचा शब्द ती मानते त्यांनी सांगितली तर तिच्या मनाला शांती लाभते.

आणखी एक प्रश्न आपल्या घरांत उद्भवतो. मेंदूच्या गाठीवरील टेमोझोलोमाइडसारखी काही औषधे कॅप्सूलमध्ये येतात, आणि बहुतेक कॅप्सूलचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते. हे कळल्यावर काही जण कॅप्सूल उघडून आतील भुकटी मधात किंवा पाण्यात घालून घेण्याचा विचार करतात. तसे कदापि करू नये. ती भुकटी श्वासावाटे किंवा त्वचेवाटे रुग्णाच्या आणि देणाऱ्याच्याही शरीरात जाऊन अपाय करते. शंका असेल तर औषध सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दुसरे रूप उपलब्ध असेल तर ते देतील. नसेल तर काय करावयाचे ते आपण आणि आपल्या गुरुजनांनी ठरवावे. परंतु कॅप्सूल उघडणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

हाताळणी आणि साठवण

गोळी खलबत्त्यात कुटू नये, सुरीने तोडू नये, चावू नये, मिक्सरमध्ये तर मुळीच घालू नये. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. रुग्णाने गोळी स्वतः पट्टीतून काढून घ्यावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दुसऱ्या कोणी द्यावयाची असेल तर त्याने हातमोजे घालावेत, किंवा पट्टीतून ती थेट लहान वाटीत पाडून द्यावी; ती वाटी या कामासाठी वेगळी ठेवावी. घरातील गरोदर सून किंवा मुलगी, अंगावर दूध पाजणारी माता आणि लहान मुले यांनी ही औषधे हाताळू नयेत. थॅलिडोमाइडने गर्भावर केलेला अनर्थ उघडकीस येऊन १९६१ मध्ये ते औषध मागे घेतले गेले. तेच औषध व त्याच्या कुळातील लेनालिडोमाइड आज अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात कडक निर्बंधांखाली दिले जाते. यावरून सावधगिरीचे महत्त्व ध्यानी यावे. रुग्ण स्त्री असो वा पुरुष, औषध चालू असता व नंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत गर्भधारणा टाळावी.

गोळ्या मूळ वेष्टनातच, कुलूपबंद, कोरड्या आणि थंड जागी ठेवाव्यात. स्वयंपाकघरातील शेगडीजवळचे किंवा न्हाणीघरातील कपाट त्यांना योग्य नाही. मेल्फालान आणि क्लोरॅम्ब्युसिलसारख्या काही गोळ्यांना शीतकपाट लागते. तेथेही त्या बंद डब्यात, अन्नापासून वेगळ्या ठेवाव्यात. घरातील इतर औषधांच्या रोजच्या डबीत त्या मिसळू नयेत.

औषध चालू असता आणि शेवटच्या मात्रेनंतर साधारण ४८ तास, किंवा डॉक्टर सांगतील तितका काळ, रुग्णाच्या मलमूत्रात व वांतीत औषधाचा अंश असू शकतो. संडासाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. खराब झालेली चादर-वस्त्रे हातमोजे घालून उचलावीत आणि वेगळी धुवावीत. एवढेच पथ्य पुरे. रुग्णाजवळ बसणे, त्याचा हात हातात घेणे, नातवाने आजोबांना मिठी मारणे, एका पंक्तीत जेवणे, यांत कसलाही धोका नाही. काही घरांत रुग्णाची ताटवाटी वेगळी काढून त्याला कोपऱ्यात बसविलेले आम्ही पाहिले आहे. हे अज्ञान होय, आणि आजारापेक्षाही ते रुग्णाला अधिक दुखविते.

मात्रा चुकली, वांती झाली, दुसरी औषधे चालू आहेत

वेळेवर गोळी घेण्याचे राहून गेले तर पुढच्या वेळेस दुप्पट घेऊ नये. गोळी घेतल्यावर वांती झाली तरी आपल्या मनाने पुन्हा घेऊ नये. वहीत तशी नोंद करून डॉक्टरांना विचारावे आणि पुढची मात्रा ठरल्या वेळी घ्यावी.

आपल्या वयस्क सभासदांपैकी पुष्कळांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे असतात. त्या सर्वांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि कॅपेसिटाबिन एकत्र आल्यास गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सवरील फेनिटॉइनचे प्रमाणही तिच्यामुळे वाढते. शक्तीसाठी म्हणून घेतलेले फॉलिक अ‍ॅसिड तिचे दुष्परिणाम वाढवू शकते. मूत्राम्ल उतरविणारे अ‍ॅलोप्युरिनॉल आणि मर्कॅप्टोप्युरिन यांची गाठ पडल्यास मात्रा खूपच कमी करावी लागते. आम्लपित्तावरील नेहमीच्या गोळ्या काही औषधांना अंगी लागू देत नाहीत, आणि ग्रेपफ्रूटसारख्या फळाने इमॅटिनिबसारख्या औषधांचे प्रमाण वाढू शकते.

काढे, भस्मे, चूर्णे यांविषयीही तेच. “वनस्पतीचे आहे, अपाय काय करणार?” हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो. परंतु गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदविले आहेत. ज्या यकृताने कर्करोगाचे औषध पचवावयाचे, त्यावर आणखी एक अज्ञात बोजा टाकू नये. स्वयंपाकातील चिमूटभर हळद निराळी आणि औषध म्हणून घेतलेल्या हळदीच्या गोळ्या निराळ्या. जे काही घेत असू ते लपवू नये, एवढेच आमचे सांगणे.

केव्हा वाट पाहू नये

पुढील लक्षणे दिसताच, रात्रीचे दोन वाजले असले तरी, दिलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक आला, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती आणीबाणी समजावी. पांढऱ्या पेशी कमी असता साधा दिसणारा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. आधी ताप मोजावा; न मोजता पॅरासिटामॉल देऊन तो झाकू नये. नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा शौचास झाले, रात्री जुलाबासाठी उठावे लागले, पाणीही पोटात ठरत नाही, तोंडातील फोडांनी खाणे-पिणे अशक्य झाले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वीच विचारावे. मीठ-साखर-पाण्याचे द्रावण चालू ठेवावे. मात्र त्यावर विसंबून राहू नये. कॅपेसिटाबिनने तळहात व तळपाय लाल होऊन दुखतात, सोलतात. याही स्थितीत डॉक्टर मात्रा थांबवून पुढे कमी करतात. छातीत दुखणे, धाप लागणे, कोठूनही रक्त जाणे, भान हरपणे यांत क्षणाचाही विलंब नको.

डॉक्टरांनी गोळी थांबविण्यास सांगितले म्हणजे उपचार फसला असे नव्हे. योग्य वेळी थांबल्यानेच पुढची आवर्तने पुरी करता येतात. जो सोसत राहतो तो अधिक औषध घेत नाही. अखेरीस त्याला कमीच घेता येते.

खरेदी, खर्च आणि शिल्लक

औषध पक्क्या बिलावरच घ्यावे. बिलावरील बॅच क्रमांक आणि मुदत वेष्टनावरील क्रमांकाशी ताडून पाहावी. हे आपणांस शिकविण्याची गरज नाही. स्वस्त मिळते म्हणून बिनबिलाचे घेऊ नये, कारण बनावट गोळीने पैसा आणि वेळ दोन्ही जातात आणि रोग तेवढा राहतो. खर्चाचा भार कमी होण्याचे मार्ग आहेत. इमॅटिनिबच्या एका रूपाचे पेटंट नाकारणारा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त पर्यायाविषयी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. पैशाअभावी मात्रा गुपचूप अर्धी करणे मात्र सर्वांत महाग पडते.

उपचार थांबल्यावर उरलेल्या गोळ्या केरात, गटारात किंवा संडासात टाकू नयेत, आणि “कोणा गरजूला उपयोगी पडतील” म्हणून परस्पर देऊही नयेत. दान हे आपले भूषण खरे; परंतु हे औषध रुग्णाचे वजन, उंची आणि रक्ताची तपासणी पाहून ठरविलेले असते. त्या बंद पिशवीत घालून रुग्णालयाकडे परत कराव्यात. द्यावयाचेच असेल तर औषधाच्या खर्चासाठी पैशाचे साहाय्य द्यावे.

शेवटची आणि आमच्या मते मुख्य गोष्ट. कित्येक घरांत रुग्णाला त्याचा आजार सांगितलेलाच नसतो. “शक्तीच्या गोळ्या आहेत” असे म्हणून त्या दिल्या जातात. यामागील माया आम्ही जाणतो. परंतु ज्याला गोळी कशाची हेच ठाऊक नाही, तो तोंडातील फोड का सांगेल? ताप आला तर का घाबरेल? आठ गोळ्या उरल्या तर त्या वाया जाऊ नयेत असेच त्याला वाटणार. सत्य सांगण्यास धैर्य लागते, आणि किती व कसे सांगावे याला डॉक्टरांचे साहाय्य घेता येते, परंतु सांगावे. ज्यांनी आयुष्यभर पेढीचा सारा भार डोळसपणे वाहिला, त्यांना स्वतःच्या देहाच्या हिशेबापासून दूर ठेवणे उचित नव्हे.

प्रारंभी उल्लेखिलेले ते सभासद आता नियमाने पेढीवर येतात. त्यांच्या गादीशेजारी रोजमेळाच्या खाली अजूनही ती लहान वही असते. उपचार संपून गेले, तरी तिची पाने त्यांनी जपून ठेवली आहेत. नव्याने या वाटेवर आलेल्या कोणा सभासदाच्या मुलाने विचारले, तर ते ती उघडून दाखवितात आणि पंधराव्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून म्हणतात, “येथे आम्ही चुकलो. तुम्ही चुकू नका.”